गोफणगुंडा आणि तट

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर मातीचा एक गुंडा आहे. लिंबाहून थोडा लहान, एका बाजूला किंचित चपटा आणि चुलीत पडल्यामुळे विटकरी-काळा झालेला. तो आजोबांच्या हातचा आहे. शिरूर तालुक्यातल्या आमच्या शेतात ज्वारी हुरड्यात आली की आजोबा माळ्यावर राखणीला बसत आणि त्यांच्या मांडीशी असे गुंडे रास करून ठेवलेले असत. घायपाताच्या वाखाची गोफण ते स्वतः वळत. वावरात दगडांना काय तोटा, मग हा मातीचा खटाटोप कशासाठी, असे मी एकदा त्यांना विचारले होते. ते म्हणाले, "दगड रानात पडला की नांगरटीला फाळाला लागतो. माती पावसात विरघळून जाते. आणि एक सांगू का, दोन दगड कधी सारखे नसतात. गुंडे सारखे असले म्हणजे पहिला चुकला तरी दुसऱ्याचा नेम त्याच्यावरनं बसतो."

त्यातले शेवटचे वाक्य मला पुढे पंधरा-सोळा वर्षांनी, पुरातत्त्वाच्या एम.ए.च्या वर्गात आठवले. सीरियातल्या हामूकार नावाच्या टेकाडावरच्या उत्खननाची माहिती नुकतीच प्रसिद्ध झाली होती आणि आमच्या सरांनी पडद्यावर एक छायाचित्र दाखवले. त्यात पट्टीच्या शेजारी ओळीने मांडलेले मातीचे लंबगोल गुंडे होते, आणि ते कशासाठी असतील असा प्रश्न सरांनी वर्गाला टाकला होता. कोणी मणी म्हणाले, कोणी वजने म्हणाले. मी गोफणगुंडे म्हणाले. एवढे एकच उत्तर मी त्या दोन वर्षांत न वाचता बरोबर दिले. पुढे पोटापाण्यासाठी बँकेत लागले आणि पुरातत्त्व रविवारपुरते उरले. पण हा विषय सुटला नाही, कारण त्या छायाचित्राने मनात घातलेला प्रश्न सुटला नाही. जुन्या शहरांभोवतीचे तट आपण जेव्हा पाहतो, तेव्हा ते कोणाला अडवण्यासाठी बांधले होते हे आपल्याला नेमके कशावरून कळते?

हामूकार हे टेकाड सीरियाच्या ईशान्य कोपऱ्यात, इराकच्या सरहद्दीजवळ आहे. शिकागो विद्यापीठ आणि सीरियाचे पुरातत्त्व खाते यांनी तेथे १९९९ पासून उत्खनन केले आणि २००५ साली क्लेमेन्स रायखेल व त्यांच्या सीरियन सहकाऱ्यांच्या पथकाला इ.स.पू. ३५०० च्या सुमाराची एक जळून कोसळलेली वस्ती लागली. कच्च्या विटांच्या भिंती आगीत ढासळलेल्या होत्या आणि त्या पडझडीत बाराशेहून अधिक छोटे लंबगोल गोफणगुंडे आणि सव्वाशेच्या आसपास मोठे मातीचे गोळे विखुरलेले होते. यापेक्षा बोलका पुरावा आहे तो एका खोलीतला. तेथे मालाच्या भांड्यांवर आणि दारांवर लावलेल्या, फोडून टाकलेल्या मुद्रांची माती पुन्हा वापरण्यासाठी पाण्यात भिजत घालण्याची सोय होती. एरवी त्या मातीतून नव्या मुद्रांचे लिंपण व्हायचे. शेवटच्या दिवसांत मात्र तिचे गोफणगुंडे वळले गेले, आणि वळलेले गुंडे खड्ड्याच्या काठावर ओळीने मांडून ठेवलेले सापडले.

हे वाचताना अंगावर काटा येतो तो आगीच्या वर्णनाने येत नाही, त्या ओळीने येतो. भांडाराच्या हिशेबाची माती कोणीतरी घाईघाईने उचलली आहे, तळहातावर वळली आहे, आणि तरीही सवयीने ती नीट रांगेत मांडली आहे. हल्ला कोणी केला याविषयी उत्खननकर्त्यांचा अंदाज असा, की दक्षिणेकडच्या उरुक संस्कृतीच्या लोकांनी. कारण जळीत थराच्या वर त्यांच्या धाटणीची भांडी मिळतात. तो अंदाज पुढेमागे बदलेलही. पण येथे लढाई झाली हे मात्र कोणी नाकारू शकत नाही, कारण तेथे भिंत, आग आणि गुंडे एकाच थरात एकमेकांत मिसळलेले आहेत.

असा एकत्र मिळालेला पुरावा फार दुर्मीळ असतो. बहुतेक ठिकाणी आपल्या हाती लागते ती नुसती भिंत. आणि नुसती भिंत दिसली की तिच्या बाहेर शत्रू उभा करण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

जगातली सर्वांत जुनी तटबंदी म्हणून शाळेच्या पुस्तकापासून ज्याचे नाव घेतले जाते त्या जेरिकोचेच घ्या. जॉर्डन नदीच्या खोऱ्यातल्या या टेकाडावर १९३० च्या दशकात जॉन गार्स्टँग यांना पडलेल्या भिंती सापडल्या आणि रणशिंगांच्या नादाने कोसळलेला बायबलमधला तो तट हाच, असे त्यांनी जाहीर केले. १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केन्यन यांनी तेथे पुन्हा खणले आणि त्या भिंती बायबलमधल्या प्रसंगाच्या मानल्या गेलेल्या काळाहून हजारेक वर्षे आधीच्या असल्याचे दाखवून दिले. केन्यन मात्र त्याहून कितीतरी खाली गेल्या आणि इ.स.पू. ८००० च्या सुमाराची, शेतीच्या अगदी पहाटेची, दगडी भिंत त्यांना लागली. भिंतीपुढे खडकात खोदलेला खंदक होता आणि भिंतीला लागून साडेआठ मीटर उंचीचा, आतून बावीस दगडी पायऱ्यांचा भरीव बुरूज होता. केन्यन यांनी त्याला संरक्षणाचे बांधकाम म्हटले आणि तीनएक दशके कोणाला त्यात वावगे वाटले नाही.

मग १९८६ साली ओफर बार-योसेफ यांनी एक साधी गोष्ट निदर्शनास आणली. तो बुरूज भिंतीच्या आतल्या बाजूला आहे. भिंतीच्या पायथ्याशी येणाऱ्यावर दोन्ही अंगांनी मारा करता यावा म्हणून बुरूज तटाच्या पुढे काढायचा असतो. सह्याद्रीतले किल्ले हिंडलेल्या कोणत्याही माणसाला हे सांगावे लागत नाही. आत काढलेल्या बुरुजावरून दूरवर पाहता येईल, पण तटाखाली आलेल्याला हात लावता येणार नाही. शिवाय त्या काळी त्या परिसरात तट बांधून राहणारे दुसरे गाव माहीत नाही. बार-योसेफ यांचे म्हणणे असे, की भिंत होती ती पश्चिमेकडच्या ओढ्यांतून पावसाबरोबर उतरणारा गाळ आणि चिखल थोपवण्यासाठी. बुरुजाचे काय, याविषयी पुढे आणखी मते आली. कोणी त्याचा संबंध मोठ्या दिवसाच्या मावळत्या सूर्याशी लावला. मला स्वतःला ते सूर्याचे प्रकरण फारसे पटत नाही, कारण एवढ्या जुन्या कोणत्याही उंच वस्तूची सावली वर्षातून एकदा कुठेतरी अर्थपूर्ण पडतेच. गाळाचे म्हणणे मात्र पटते. चिखलाने भरलेले घर उपसताना माणसाला शत्रूचा जेवढा राग येत नसेल तेवढा येत असेल.

आपल्याकडे हा मोह ज्यांना झाला ते मॉर्टिमर व्हीलर. ते १९४४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक म्हणून आले ते थेट रणांगणातून. दोन्ही महायुद्धांत लढलेले ब्रिगेडियर. हडप्प्याला पहिल्या भेटीतच त्यांच्या नजरेने टेकाडाच्या कडेचा कच्च्या विटांचा तट ओळखला. त्या टेकाडाच्या भाजक्या विटा लाहोर-मुलतान रेल्वेच्या कामासाठी आधीच उपसून नेलेल्या होत्या, तरी आतला मातीचा गाभा उभा होता. १९४६ साली त्यांनी त्याचा आडवा छेद घेतला आणि तळाशी सुमारे चौदा मीटर रुंदीचा, वर निमुळता होत गेलेला तट दाखवून दिला. उत्खनन म्हणून ते काम पहिल्या प्रतीचे होते. थर कसे वाचायचे हे व्हीलरांनी भारतातल्या एका सबंध पिढीला शिकवले, आणि आमचे सर त्या पिढीच्या शिष्यांचे शिष्य होते.

पण छेद मिटवून झाल्यावर त्यांनी जे लिहिले ते मातीत नव्हते. ऋग्वेदात इंद्राला पुरंदर म्हटले आहे, म्हणजे पुरे फोडणारा. ती पुरे कोणती, हा विद्वानांना सतावणारा प्रश्न होता आणि येथे तर तटाची नगरे निघाली. त्याला मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत रस्त्यांत आणि घरांत अस्ताव्यस्त पडलेल्या सांगाड्यांची जोड मिळाली, आणि १९४७ साली व्हीलरांनी परिस्थितिजन्य पुराव्यावरून इंद्राला, म्हणजे ऋग्वेदातल्या आर्यांना, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पुणे जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला पुरंदर हे फोडणाऱ्याचे नाव एका गडालाच कसे मिळाले असेल याची गंमत वाटते. पण व्हीलरांच्या त्या एका वाक्याने पुढची वीस वर्षे पाठ्यपुस्तके भरली, ती गंमत नव्हती.

१९६४ साली जॉर्ज डेल्स यांनी हा खटला उलटतपासणीला घेतला. सांगाडे एकूण तीन-साडेतीन डझन आणि तेही एका थरातले, एका दिवसाचे नव्हते. ज्याला बालेकिल्ला म्हणतात त्या भागात, जेथे शेवटची झुंज व्हायला हवी, तेथे एकही सांगाडा नाही. जळालेले शहर नाही, मोडलेली शस्त्रे नाहीत. पुढे हाडांची वैद्यकीय तपासणी झाली तेव्हा वार झाल्याच्या खुणा एखाद-दुसऱ्या कवटीवर निघाल्या, आणि त्यातलीही एक जखम मरणाच्या बरीच आधी भरून आलेली होती. हत्याकांडाच्या जागी उरली ती उतरत्या काळातल्या शहरातली, रिकाम्या घरांतून कशीबशी पुरलेली किंवा तशीच राहून गेलेली प्रेते.

म्हणून हडप्पावासी लढतच नव्हते, असे आता काही जण म्हणू लागले आहेत. हाही त्याच मोहाचा दुसरा चेहरा. मोहेंजोदडोच्या बालेकिल्ल्याच्या आग्नेय कोपऱ्यातल्या तटावर १९५० साली व्हीलरांनाच भाजक्या मातीचे शंभराच्या जवळपास गोळे सापडले होते, प्रत्येकी सुमारे १७० ग्रॅमचे. ते गोफणीचेच असावेत. सगळे एका वजनाचे आहेत हे वाचून मला आजोबांची आठवण झाली, आणि तटावर राखण असे हेही मान्य करावे लागले. त्यांचे भालेही आहेत. फक्त त्यांची पाती पातळ असून मधोमध ताकद देणारी शीर नाही, त्यामुळे जोराने खुपसली तर ती वाकतील. लढाईची चित्रे मात्र, हजारो मुद्रांच्या त्या संस्कृतीत, जवळजवळ नाहीतच. विजयी राजा, बांधलेले कैदी, मुंडक्यांच्या राशी, म्हणजे मेसोपोटेमियात आणि इजिप्तमध्ये दगडावर ज्याची हौस फिटता फिटत नाही असे काहीच सिंधूच्या खोऱ्यात नाही.

मग चौदा मीटर रुंद भिंत कशासाठी? हडप्प्यातल्या पुढच्या उत्खननांनी एक उत्तर वेशीपाशी शोधले. तेथल्या एका टेकाडाची दक्षिण वेस जेमतेम एका वेळी एक बैलगाडी जाईल एवढीच रुंद आहे. ज्याला सैन्य आत घ्यायचे किंवा बाहेर काढायचे आहे तो वेस अशी ठेवणार नाही. ज्याला प्रत्येक गाडी थांबवून आत काय आहे ते पाहायचे आहे तो मात्र अशीच ठेवील. जकात नाक्यावर ट्रकांची रांग ज्याने पाहिली आहे त्याला ही वेस लगेच समजते. तट जेवढा बाहेरच्याला अडवतो तेवढाच आतबाहेर करणाऱ्याला एका ठराविक फटीतून जायला लावतो, आणि फटीत बसलेल्या माणसाच्या हाती शहराची थैली असते.

कच्छच्या रणातल्या खदिर बेटावरचे धोलावीरा पाहिले तेव्हा मला तिसरेच उत्तर सापडल्यासारखे वाटले. रवींद्रसिंह बिश्त यांनी १९९० पासून तेथे उत्खनन केले. सुमारे ७७१ मीटर लांब आणि ६१७ मीटर रुंद अशा बाहेरच्या तटात मधले नगर, बालेकिल्ला, त्याला लागून आणखी एक कोट, अशा तटांच्या आत तट आहेत. उत्तर वेशीच्या खोलीत दहा मोठ्या अक्षरांचा, आजवर न वाचला गेलेला फलक सापडला तो येथेच. पण उन्हाने डोळे दिपलेल्या अवस्थेत बालेकिल्ल्यावर उभे राहिले की नजर खिळते ती तटाला लागून ओळीने खोदलेल्या तळ्यांवर. मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांचे पाणी बांध घालून वळवले आहे आणि शहराच्या उतारावरून एका तळ्यातून दुसऱ्यात उतरवले आहे. तट आणि तळे यांचे बांधकाम वेगळे काढता येत नाही. तट हीच तळ्याची भिंत आहे. त्या मुलखात लुटण्यासारखी सर्वांत मोलाची वस्तू पाणीच होती, तेव्हा तिला तट असणे ओघानेच आले.

येथे मला माझी एक फजिती सांगितली पाहिजे. विद्यार्थी असताना एका उत्खननात मला एका ट्रेंचच्या कडेचे काम दिले होते. तिसऱ्या दिवशी ट्रॉवेलखाली माती एकदम घट्ट लागली, पिवळसर, सरळ रेषेत जाणारी. मी इतक्या जोरात "तट!" म्हणून ओरडले की शेजारच्या ट्रेंचमधली मुले कामे टाकून आली. सर आले, उकिडवे बसले, ट्रॉवेलच्या टोकाने दोनदा खरवडले आणि म्हणाले, "बाई, हा मुरूम आहे. हा येथे माणूस यायच्या आधीपासून आहे." मग त्यांनी ट्रेंचच्या कडेलाच बोटाने रेघा ओढून मला तट कसा ओळखायचा ते समजावले. मातीचा तट घालताना माणूस माती लांबून आणत नाही, शेजारी खंदक खणतो आणि तीच माती आत टाकतो. खंदक खणताना आधी निघते ती वरची काळी माती, म्हणून ती तटाच्या तळाशी जाते. मग निघते पिवळी, ती तिच्यावर पडते. शेवटी मुरूम निघतो, तो सगळ्यांच्या वर. म्हणजे खऱ्या तटाचा आडवा छेद घेतला की शेजारच्या जमिनीचे थर त्यात उलटे झालेले दिसतात, खालचे वर आणि वरचे खाली. एकेका पाटीने टाकलेल्या मातीच्या भिंगासारख्या खुणासुद्धा कधी कधी दिसतात. "शत्रू शोधू नकोस," सर म्हणाले, "पाटी शोध."

त्यानंतर इनामगावचे अहवाल मी नव्याने वाचले. इनामगाव आमच्याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम तेथे खणले; हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांची ती कामगिरी. इ.स.पू. १६०० च्या सुमारास वसलेल्या आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास ओस पडलेल्या त्या शेतकरी गावात शंभराहून अधिक घरांचे अवशेष निघाले, पाच खोल्यांचे मुखियाचे घर निघाले, त्याच्या शेजारी कोठार निघाले. आणि दगड-मातीची एक लांबच लांब भिंतही निघाली, खंदकासह. महाराष्ट्रातली ही फार जुनी तटबंदी. पण उत्खननकर्त्यांनी तिचा पाटही शोधला होता आणि त्यांनी भिंतीचा संबंध नदीशी लावला. घोडेला पूर आला की पाणी गावात शिरू नये, उलट ते वळवून शेताला मिळावे, अशी ती रचना. लहानपणी घोडेचा पूर पाहायला आम्ही दरडीवर जायचो तेव्हा आजी हात धरून मागे ओढायची, आणि पलीकडच्या गावाशी आमचे वैर आहे असे मला कधी कोणी सांगितल्याचे आठवत नाही. एवढ्या भांडवलावर तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांविषयी निकाल देणे बरोबर नाही. तरी इनामगावच्या बाबतीत मी ढवळीकरांच्या बाजूची आहे.

तटाच्या बाहेर शत्रू नव्हता म्हणजे जगात हिंसा नव्हती, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. भिंती माहीत नव्हत्या त्या काळातली, तेरा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची, एक दफनभूमी सुदानमध्ये नाईलच्या काठी जेबेल सहाबा येथे १९६० च्या दशकात फ्रेड वेन्डॉर्फ यांनी खणली. तेथल्या एकसष्ट माणसांच्या हाडांचा २०२१ साली नव्याने अभ्यास झाला तेव्हा एकेचाळीस जणांच्या हाडांवर जखमा निघाल्या. त्यांपैकी अनेकांच्या जुन्या जखमा भरून आलेल्या आणि त्यांवर नव्या झालेल्या होत्या. बायका आणि पोरेही त्यात आहेत. म्हणजे एका मोठ्या लढाईत ती माणसे पडली नाहीत. वर्षानुवर्षे अधूनमधून हल्ले होत राहिले. त्याविरुद्ध त्यांनी कोणतीही भिंत घातली नाही, कारण भिंत घालायला साठवलेले धान्य लागते, हुकूम देणारा लागतो आणि एका जागी राहण्याची सक्ती लागते. तट हा भीतीचा पुरावा असेल वा नसेल, माती वाहायला लावू शकणाऱ्या माणसाचा पुरावा मात्र तो नक्कीच असतो.

आपल्या इतिहासात तट कोणासाठी हे नाव घेऊन सांगणारा पहिला स्पष्ट प्रसंग मला पाली साहित्यात भेटला. धर्मानंद कोसंबींनी त्या साहित्याचे दार मराठी वाचकांना उघडून दिले, त्यामुळे ते फार परके वाटत नाही. बुद्ध अखेरच्या प्रवासात गंगाकाठच्या पाटलिगाम या खेड्यात पोचतो तेव्हा मगधराज अजातशत्रूचे सुनीध आणि वस्सकार हे दोन अमात्य तेथे कोट बांधत असतात, आणि कोणाविरुद्ध तेही महापरिनिब्बान सुत्तात लिहिले आहे: गंगेपलीकडच्या वज्जींविरुद्ध. येथे शत्रू आहे, त्याचे नाव आहे, बांधकामावर देखरेख करणारे अधिकारी आहेत. याच वस्सकाराने पुढे वज्जींच्या एकीत फूट पाडली आणि मग त्यांना जिंकणे सोपे गेले, असे बौद्ध परंपरा सांगते. ज्या शत्रूसाठी कोट घातला तो शत्रू कोटावर चालून न येता घरातच फुटला. आणि त्याच खेड्यात बुद्ध या नव्या नगराला तीन धोके सांगतो: आगीचा, पाण्याचा आणि आपसातल्या फुटीचा. बाहेरून येणाऱ्या सैन्याचे नाव त्यात नाही.

हेच पाटलिपुत्र. सुमारे दोनशे वर्षांनी ग्रीक वकील मेगॅस्थेनिस तेथे आला तेव्हा त्याला लाकडी तट दिसला, ५७० बुरुजांचा आणि ६४ वेशींचा. आकडे त्याने फुगवले असतील, पण लाकूड खरे होते. पाटण्याजवळच्या बुलंदीबाग येथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सालाच्या जाड ओंडक्यांच्या दोन समांतर रांगा आणि मध्ये लाकडांचीच फरशी लांबवर उघडी पडली. गंमत अशी, की तट लाकडाचा मुळीच घालू नये, कारण त्यात अग्नी दबा धरून बसलेला असतो, असे कौटिल्य अर्थशास्त्रात बजावून सांगतो. हत्ती आणि बैल फिरवून तुडवलेला मातीचा वप्र म्हणजे बांध, त्यावर काटेरी झुडपे आणि विषारी वेली, बाहेर एकामागून एक तीन खंदक, असे त्याचे मत. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली त्या ग्रंथाची चिकित्सित आवृत्ती चाळताना मला नेहमी वाटते, की हे वाक्य लिहिणाऱ्याने लाकडी तटाला आग लागलेली स्वतः पाहिली असावी. बुलंदीबागचे ओंडके मात्र उरले ते जमिनीतल्या ओलाव्यात बुडून राहिले म्हणून. बुद्धाने सांगितलेल्या तीन धोक्यांतला दुसरा धोका त्यांच्या उपयोगी पडला.

पाण्याविषयी झाले, आगीविषयी झाले. वाऱ्याविषयी एक शिलालेख आहे. भुवनेश्वरजवळच्या शिशुपालगडाला १९४८ साली ब. बा. लाल यांनी छेद घेतला. एकेक बाजू सुमारे सव्वा किलोमीटर, प्रत्येक बाजूला दोन अशा आठ वेशी, आणि तळाशी तेहेतीस मीटर रुंद, साडेसात मीटर उंच मातीचा तट. त्यावर पुढे जांभ्याच्या मुरमाचा थर चढवला, आणि त्याही पुढे विटांच्या भिंती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे रवींद्र मोहंती आणि अमेरिकेच्या मोनिका स्मिथ यांनी २००५ पासून तेथे पुन्हा काम केले तेव्हा आतल्या रस्त्यांची आणि घरांची माहिती वाढली. या नगराला खारवेल राजाची कलिंगनगरी मानले जाते. खारवेलाचा हाथीगुंफेतला लेख म्हणजे पराक्रमांची लांबलचक यादी आहे. कोणाला हरवले, कोणाला नमवले, काय परत आणले. पण गादीवर बसल्यावर पहिल्या वर्षी काय केले, तर वादळाने मोडलेली गोपुरे म्हणजे वेशी, प्राकार म्हणजे तट, आणि घरे दुरुस्त केली. मूळ शब्द 'वात-विहत' असा आहे, वाऱ्याने मारलेला. पूर्व किनाऱ्यावरचे वादळ काय असते ते दर दोन-चार वर्षांनी बातम्यांत पाहणाऱ्या आपल्याला तो शब्द अतिशयोक्त वाटत नाही. शत्रूने पाडलेला तट दुरुस्त केला असता तर राजाने तसे कोरून घेतले नसते. पराभव कोण कोरतो? वाऱ्याविरुद्ध हरण्यात कमीपणा नव्हता, म्हणून तेवढे आपल्यापर्यंत पोचले. लेखातसुद्धा शत्रूचे हल्ले गाळले जातात, हे तट वाचताना लक्षात ठेवावे लागते.

गेल्या हिवाळ्यात भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला गेले होते. तेथले बौद्ध स्तूप प्रसिद्ध आहेत, पण मला पाहायचा होता तो गावाभोवतीचा मातीचा तट. वैनगंगेकडची बाजू नदीने सांभाळली आहे आणि बाकी बाजूंना तट आणि खंदक. वर चढून गेले तर पायाखाली गवत, मध्येच शेळ्यांनी पाडलेली वाट, आणि पलीकडे खंदकाच्या जागी उतरत गेलेली हिरवी पट्टी. दोन हजार वर्षांहून जुन्या तटावर आपण उभे आहोत हे मुद्दाम स्वतःला सांगावे लागत होते, इतके ते साधे दिसत होते. एका ठिकाणी तट खचला होता तेथे मी वाकून थर पाहिले. काळी माती खाली, पिवळी वर. बोट लावून पुन्हा पाहिले. पाट्या येथून गेल्या होत्या.

आतल्या उतारावर एक आजीबाई गोवऱ्या थापत होत्या. सबंध उतार त्यांनी गोवऱ्यांनी भरून टाकला होता, ओळीत एकेक, आणि बाहेरचा उतार मात्र मोकळा सोडला होता. मी विचारले, "आजी, सगळ्या आतल्याच बाजूला का?"

"बाहेरच्या अंगाले ओल राह्यते जी," त्या मान वर न करता म्हणाल्या, "तिकडं वाळत नाही." आणि पुढची गोवरी त्यांनी मागच्या गोवरीच्या रेषेत चापली.